लाईट जाऊन आली की प्रोग्रॅम आपोआप सुरू होत नाही, हाताने मात्र चालतो: लिनक्स मशीनवर काय तपासायचं

सांगली, मिरज, कुपवाड भागात लिनक्सवर चालणारी बरीच छोटी मशिनं कामाला आहेत. मार्केट यार्डातल्या अडत दुकानात वजन घेऊन पट्टी छापणारं, भुईकाट्यावरचं, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तापमान नोंदवणारं, अभ्यासिकेत हजेरी घेणारं. अशा मशिनांची देखभाल हे माझं रोजचं काम. वळवाचा पाऊस सुरू झाला की एकाच बिघाडाचे फोन येतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

लक्षणं आधी बघा

- मशीन चालू होतं, स्क्रीन येते, पण तुमचा प्रोग्रॅम सुरू झालेला नसतो. टर्मिनल उघडून हाताने चालवला की लगेच चालतो.
- कुणीतरी लॉगिन केल्याशिवाय प्रोग्रॅम उठतच नाही.
- चार वेळा नीट सुरू होतो, पाचव्या वेळी नाही. कारण दिसत नाही.
- बूट होताना ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर’ अशी ओळ दीड मिनिट हलत नाही, किंवा मशीन थेट ‘इमर्जन्सी मोड’मध्ये जाऊन थांबतं.
- प्रोग्रॅम चालू आहे, पण कालच्या नोंदी दिसत नाहीत.
- लॉगमध्ये, म्हणजे मशीन स्वतः लिहिते त्या नोंदींत, ‘कमांड नॉट फाउंड’ किंवा ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ दिसतं, आणि फाइल तर डोळ्यांसमोर असते.

यातलं शेवटचं लक्षण लोकांना सगळ्यात जास्त छळतं, आणि खरी गोष्ट त्यातच आहे. प्रोग्रॅम हाताने चालतो म्हणजे तो बहुतेक वेळा ठणठणीत असतो. फरक चालवणाऱ्यात असतो. तुम्ही चालवता तेव्हा तुमचं लॉगिन, तुमचं होम फोल्डर, तुमचा पाथ (आज्ञा कुठल्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी), तुमचे अधिकार आणि तोवर सुरू झालेलं नेटवर्क हे सगळं प्रोग्रॅमला मिळतं. मशीन उठताना सिस्टमडी, म्हणजे लिनक्समध्ये बाकीचं सगळं सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, त्याला चालवतं तेव्हा यातलं काहीच हजर नसतं. म्हणून प्रोग्रॅम काढून परत टाकणं किंवा अख्खं लिनक्स नव्याने बसवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तसं करू नका. खालच्या क्रमाने जा. फुकटचं आणि सोपं आधी आहे, अवघड नंतर.

या पोस्टमध्ये आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची. सिस्टमडीने सांभाळायचा प्रोग्रॅम म्हणजे सर्व्हिस, आणि तो कसा चालवायचा ते लिहिलेली फाइल म्हणजे सर्व्हिस फाइल. उदाहरणासाठी सर्व्हिसचं नाव ‘काटा.सर्व्हिस’ आणि प्रोग्रॅमची जागा ‘/ऑप्ट/काटा/काटा.एसएच’ धरली आहे. तिथे तुमचं नाव घाला.

मशीन स्वतः उठतं का, आणि घड्याळ बरोबर आहे का

यासाठी पैसे लागत नाहीत. लाईट आल्यावर मशीन आपोआप चालू होतं, की कुणाला बटण दाबावं लागतं? दाबावं लागत असेल तर बायोसमध्ये जाऊन ‘आफ्टर पॉवर फेल्युअर’ किंवा ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ या नावाची सेटिंग शोधा आणि ती ‘पॉवर ऑन’ करा. पुष्कळ ठिकाणी एवढंच निघतं आणि काम संपतं.

मग ‘टाइमडेटसीटीएल’ चालवून तारीख बघा. मशीन दोन-पाच वर्षं मागे गेलेलं असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल संपलाय. सेल स्वस्त असतो, पण त्याच्यावाचून भलतंच बिघडतं: तारीख चुकीची असली की सुरक्षित वेबजोडणीची प्रमाणपत्रं ‘अजून लागू झालेली नाहीत’ असं मशीनला वाटतं, आणि सर्व्हरशी बोलणारा प्रोग्रॅम पडतो. थोड्या वेळाने इंटरनेटवरून घड्याळ जुळतं, तुम्ही हाताने चालवता आणि चालतो. लक्षण अगदी तेच, कारण मात्र सेल. रास्पबेरी पायच्या चारपर्यंतच्या मॉडेलमध्ये बंद असताना चालणारं घड्याळच नसतं. तिथे वेगळं घड्याळ-मॉड्यूल लावा, किंवा वेळ जुळेपर्यंत प्रोग्रॅम थांबवून ठेवा. नाहीतर पट्टीवर चुकीची तारीख छापली जाते आणि शेतकऱ्याच्या हातात तोच कागद जातो.

सर्व्हिस ‘एनेबल’ आहे का

‘सिस्टमसीटीएल स्टेटस काटा’ आणि ‘सिस्टमसीटीएल इज-एनेबल्ड काटा’ या दोन आज्ञा चालवा. ‘स्टार्ट’ म्हणजे आत्ता चालू कर. ‘एनेबल’ म्हणजे दर वेळी मशीन उठताना चालू कर. एक केलं म्हणजे दुसरं होत नाही. बसवणाऱ्याने ‘स्टार्ट’ करून दाखवलेलं असतं, सगळ्यांनी मान हलवलेली असते, आणि पहिल्यांदा लाईट गेल्यावर कळतं की ‘एनेबल’ राहिलंय. ‘सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ काटा’ दिलं की दोन्ही एकदम होतात.

एनेबल करताना ‘नो इन्स्टॉलेशन कॉन्फिग’ अशा अर्थाचा इशारा आला तर सर्व्हिस फाइलच्या तळाशी ‘इन्स्टॉल’ हा भाग नाही. तिथे ‘वॉन्टेडबाय=मल्टी-यूजर.टार्गेट’ ही ओळ हवी. मशीन उठताना या सर्व्हिसला कुणी हाक मारायची, ते या ओळीवरून ठरतं. फाइलीत काहीही बदललं की ‘सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’ द्या, नाहीतर सिस्टमडी जुनीच प्रत धरून बसतं.

प्रोग्रॅम लॉगिननंतरच सुरू होत असेल तर तो बहुधा डेस्कटॉपच्या ‘स्टार्टअप ॲप्लिकेशन्स’मध्ये किंवा ‘.बॅशआरसी’ या टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीत टाकलेला आहे. या दोन्ही जागा माणसासाठी आहेत. आपोआप लॉगिन लावून तात्पुरतं भागवता येतं, पण गल्ल्यावरचं मशीन सगळ्यांना उघडं राहतं. सरळ सर्व्हिस बनवा. सर्व्हिस एखाद्या यूजरच्या नावावर ‘--यूजर’ प्रकाराने बनवलेली असेल तर ‘लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर’ आणि त्यापुढे यूजरचं नाव द्या, म्हणजे लॉगिनशिवायही ती उठते.

लॉग वाचा, अंदाज बांधू नका

‘जर्नलसीटीएल -यू काटा -बी’ ही आज्ञा या बूटमधला फक्त या सर्व्हिसचा लॉग दाखवते. मागच्या बूटचा हवा असेल तर ‘-बी -१’. मागचं काही सापडलं नाही तर लॉग फक्त मेमरीत राहतोय आणि लाईट गेली की पुसला जातोय. ‘/व्हार/लॉग/जर्नल’ हे फोल्डर बनवा आणि मशीन एकदा रीस्टार्ट करा, पुढचे लॉग डिस्कवर राहतील. अधूनमधून येणारा बिघाड पकडायचा असेल तर हे आधी करा, कारण पुरावाच उरला नाही तर पुढची सगळी तपासणी अंदाजावर चालते.

लॉगमध्ये ‘मेन प्रोसेस एक्झिटेड, कोड=एक्झिटेड, स्टेटस=’ अशी ओळ शोधा. तिच्यापुढचा आकडा सगळं सांगतो:

२०३/ईएक्सईसी: सिस्टमडीला प्रोग्रॅम चालवताच आला नाही. जागा चुकली, चालवायची परवानगी नाही, किंवा पहिली ओळ बिघडली आहे.
२००/सीएचडीआयआर: ज्या फोल्डरमध्ये उभं राहून चालवायचं ते फोल्डर नाही, किंवा अजून जोडलं गेलेलं नाही.
२१७/यूजर: सर्व्हिस फाइलीत लिहिलेला यूजर या मशीनवर नाही.
१२७: प्रोग्रॅम सुरू झाला, पण त्याने आतून बोलावलेली आज्ञा सापडली नाही. इथे पाथ बघायचा.
१ किंवा दुसरा छोटा आकडा: प्रोग्रॅमने स्वतः हात टेकले. कारण वरच्या ओळींत असतं.

त्याच बैठकीत ‘डीएफ -एच’ आणि ‘डीएफ -आय’ चालवून डिस्क भरलीय का बघा. पहिली आज्ञा जागा दाखवते, दुसरी फाइलींची संख्या. तापमानाची दर मिनिटाला वेगळी फाइल बनवणाऱ्या मशिनांवर जागा शिल्लक असते पण फाइलींचा कोटा संपलेला असतो, आणि चूक मात्र ‘डिस्कवर जागा नाही’ अशीच येते.

पाथ: खरं घोडं इथे पेंड खातं

पाथ म्हणजे फोल्डरांची यादी. तुम्ही नुसतं ‘पायथन३’ किंवा ‘नोड’ म्हणता तेव्हा लिनक्स या यादीतल्या फोल्डरांत क्रमाने शोधतं आणि पहिला सापडेल तो चालवतं. टर्मिनलवर ‘एको $पाथ’ देऊन तुमची यादी बघा. त्यात बहुधा तुमच्या होम फोल्डरमधलं ‘.लोकल/बिन’ असेल, नोडच्या एखाद्या आवृत्तीचं फोल्डर असेल, आणखी कुणी काय काय घातलेलं असेल. ही भर ‘.प्रोफाइल’ आणि ‘.बॅशआरसी’ या फाइलींनी घातलेली असते.

सिस्टमडी या फाइली वाचतच नाही. त्याची स्वतःची छोटी यादी असते: ‘/यूएसआर/लोकल/एसबिन’, ‘/यूएसआर/लोकल/बिन’, ‘/यूएसआर/एसबिन’, ‘/यूएसआर/बिन’, साधारण एवढीच. डेबियन-उबुंटूवर क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, यादी तर आणखी तोकडी, ‘/यूएसआर/बिन’ आणि ‘/बिन’. त्यामुळे ‘@रीबूट’ लिहून क्रॉनमध्ये टाकलेले प्रोग्रॅम याच खड्ड्यात पडतात. डेबियन-उबुंटूच्या ‘.बॅशआरसी’त सुरुवातीलाच एक अट असते: समोर माणूस बसलेला नसेल तर इथूनच परत फिर. म्हणजे स्क्रिप्टमध्ये कुणी ती फाइल ओढून आणली तरी तिच्यात खाली घातलेला पाथ मिळत नाही.

यार्डात नवीन आलेल्या हमालाला ‘नेहमीच्या गाळ्यावर टाक’ म्हणून चालत नाही, गाळा नंबर सांगावा लागतो. सिस्टमडीलाही तसाच पूर्ण पत्ता द्या. ‘कमांड -व्ही नोड’ चालवा, ती खरी जागा सांगेल. सर्व्हिस फाइलीतल्या ‘एक्झेकस्टार्ट=’ पुढे ती जागा पहिल्या तिरप्या रेघेपासून पूर्ण लिहा. स्क्रिप्टच्या आत बोलावलेल्या आज्ञांनाही तोच नियम. पायथनचं वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट असेल तर ‘ॲक्टिव्हेट’ करायच्या भानगडीत पडू नका, त्या फोल्डरमधल्याच पायथनचा पूर्ण पत्ता द्या: ‘/ऑप्ट/काटा/व्हेन्व्ह/बिन/पायथन’. त्याची सगळी लायब्ररी त्याला आपोआप सापडते.

आता दोन चुका, ज्या मला पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली: सर्व्हिस फाइलीत ‘एन्व्हायर्नमेंट=पाथ=$पाथ:/ऑप्ट/काटा/बिन’ असं लिहिलेलं असतं. टर्मिनलवर हे चालतं, म्हणून इथेही चालेल असं वाटतं. सिस्टमडीच्या या ओळीत डॉलरच्या चिन्हाला काही अर्थ नाही. ते ‘$पाथ’ हे अक्षरशः फोल्डरचं नाव समजून यादीत घालतं, आणि आधी चालणाऱ्या साध्या आज्ञाही हरवतात. पूर्ण यादी हाताने लिहा. ‘एन्व्हायर्नमेंटफाइल=’ने ओढलेल्या फाइलीलाही हेच लागू. आणि ‘/ईटीसी/एन्व्हायर्नमेंट’मध्ये पाथ लिहून सर्व्हिसला मिळेल ही आशाही सोडा, ती फाइल लॉगिनच्या वेळी वाचली जाते.

दुसरी: ‘एक्झेकस्टार्ट=’ला टर्मिनल समजणं. तिथे ‘~’ म्हणजे होम फोल्डर होत नाही, ‘>’ लिहून आउटपुट फाइलीत जात नाही, ‘&&’ने दोन आज्ञा जोडता येत नाहीत. तशी गरज असेल तर ते सगळं एका स्क्रिप्टमध्ये लिहा आणि ‘एक्झेकस्टार्ट=’मध्ये त्या स्क्रिप्टचा पत्ता द्या. शेवटी ‘&’ लावून प्रोग्रॅम मागे ढकलायची सवयही इथे सोडायची. मुख्य प्रोसेस संपली असं सिस्टमडीला दिसतं आणि ते मागे राहिलेल्यांनाही आवरून घेतं.

फोल्डरचा प्रश्नही याच्या शेजारचा. तुम्ही हाताने चालवताना आधी ‘सीडी’ करून त्या फोल्डरमध्ये गेलेले असता. सर्व्हिस मात्र ‘/’ या मुळाशी उभी असते. प्रोग्रॅम ‘सेटिंग्ज.आयएनआय’ अशी नुसत्या नावाने फाइल शोधत असेल तर तो मुळाशी शोधेल आणि रिकाम्या हाताने परत येईल. ‘वर्किंगडिरेक्टरी=/ऑप्ट/काटा’ ही एक ओळ पुरते.

मशीन रीस्टार्ट न करता हे सगळं पडताळता येतं. आधी ‘सीडी /’ करा. मग ‘एन्व्ह -आय’ लिहून त्यापुढे ‘पाथ=’ आणि वरची चार फोल्डरांची यादी, आणि शेवटी स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता द्या. तुमचं सगळं वातावरण काढून, सर्व्हिससारख्या उघड्या अवस्थेत प्रोग्रॅम चालतो. इथे पडला तर बूटलाही पडणार. दुकान चालू असतानासुद्धा ही चाचणी करता येते, म्हणून मला ती सगळ्यात उपयोगी वाटते.

फाइल आहे, तरी ‘फाइल नाही’

पत्ता बरोबर, फाइल जागेवर, तरी २०३. दोन गोष्टी बघा. ‘एलएस -एल’मध्ये चालवायची परवानगी, म्हणजे ‘एक्स’ अक्षर, दिसतं का? नसेल तर ‘सीएचमॉड +एक्स’. हाताने चालवताना तुम्ही ‘बॅश काटा.एसएच’ म्हणत असाल, तिथे ‘एक्स’ची गरज लागत नाही, म्हणून ही उणीव झाकली जाते. इथे ‘सीएचमॉड ७७७’ देऊ नका. मग मशीनवरचा कुठलाही प्रोग्रॅम ती फाइल बदलू शकतो, आणि सर्व्हिस रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला यूजर, म्हणून चालत असेल तर बदललेलं रूटच्या अधिकाराने चालतं.

दुसरी गोष्ट विंडोजची. स्क्रिप्ट विंडोज लॅपटॉपवर सुधारून पेनड्राइव्हने आणली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर येतं. पहिल्या ओळीतलं ‘/बिन/बॅश’ आणि त्याला चिकटलेलं ते अक्षर मिळून जे नाव होतं तो प्रोग्रॅम मशीनवर नसतो. ‘फाइल नाही’ ही तक्रार स्क्रिप्टची नसते, त्या बॅशची असते. ‘फाइल काटा.एसएच’ ही आज्ञा चालवा. उत्तरात ‘सीआरएलएफ’ दिसलं तर ‘डॉसटूयुनिक्स काटा.एसएच’ द्या.

फेडोरा किंवा त्या कुळातलं लिनक्स असेल आणि प्रोग्रॅम ‘/होम’मध्ये असेल तर एसईलिनक्स ही सुरक्षा व्यवस्था त्याला अडवते. प्रोग्रॅम ‘/ऑप्ट’ किंवा ‘/यूएसआर/लोकल/बिन’मध्ये हलवा आणि ‘रिस्टोअरकॉन’ चालवा. एसईलिनक्सच बंद करून टाकायचा सल्ला ऐकू नका.

कधी चालतो, कधी नाही: क्रमाचा खेळ

सिस्टमडी शक्य तितकं सगळं एकाच वेळी सुरू करतं. तुमच्या प्रोग्रॅमला नेटवर्क लागतं हे त्याला सांगितलं नाही तर कधी नेटवर्क आधी येतं, कधी प्रोग्रॅम. ‘आफ्टर=नेटवर्क.टार्गेट’ लिहून भागत नाही, कारण त्या टप्प्याला मशीनला नेटवर्कचा पत्ता मिळालेला असेलच असं नाही. ‘वॉन्ट्स=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’ आणि ‘आफ्टर=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’ या दोन्ही ओळी हव्यात. ‘आफ्टर’ फक्त क्रम सांगतं, बोलावणं धाडत नाही.

तरीही आपल्याकडे एक अडचण उरते. लाईट आल्यावर मशीन अर्ध्या मिनिटात उठतं, फायबरचा मोडेम मात्र त्याहून उशिरा लागतो. प्रोग्रॅम पडतो, ‘रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर’ लिहिलेलं असेल तर परत उठतो, परत पडतो. न सांगता सिस्टमडी दोन प्रयत्नांत फक्त १०० मिलिसेकंद थांबतं, आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झालं की नाद सोडतं. मोडेम लागायच्या कितीतरी आधी सगळे प्रयत्न संपलेले असतात. लॉगमध्ये ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ दिसतं ते हेच. उपाय एका ओळीचा: ‘रीस्टार्टसेक=१५’. मग ती मर्यादा कधी गाठलीच जात नाही आणि मोडेम येईपर्यंत प्रोग्रॅम शांतपणे प्रयत्न करत राहतो.

बाहेरची डिस्क आणि एफएसटॅब

इथे जरा जपून, कारण इथे हिशेब हरवतात.

‘/ईटीसी/एफएसटॅब’ या, मशीन उठताना कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलीत डिस्क ‘/डेव्ह/एसडीबी१’ या नावाने लिहिलेली असेल तर आधी ते बदला. कुठली डिस्क आधी सापडली यावर हे नाव ठरतं. पेनड्राइव्ह लावलेला राहिला की नावं सरकतात. ‘बीएलकेआयडी’ने डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख क्रमांक, बघा आणि तो लिहा. डिस्क सापडली नाही तर सिस्टमडी ९० सेकंद वाट बघतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जातं. लक्षणांमधलं ‘दीड मिनिट’ ते हेच. बॅकअपच्या डिस्कसाठी ओळीत ‘नोफेल’ लिहिलं की ती नसतानाही मशीन उठतं.

पण प्रोग्रॅमची नोंदवही त्याच डिस्कवर असेल तर ‘नोफेल’ एकटं धोक्याचं आहे. डिस्क जोडली गेली नाही तरी ‘/डेटा’ हे रिकामं फोल्डर तिथे असतंच. प्रोग्रॅम उठतो, त्याला नोंदी दिसत नाहीत, तो नवी वही उघडतो आणि दिवसभराच्या पट्ट्या त्या रिकाम्या फोल्डरमध्ये लिहितो. दुसऱ्या दिवशी डिस्क जोडली जाते आणि आदल्या दिवशीचं सगळं तिच्याखाली झाकलं जातं. नोंदी गेलेल्या नसतात, खाली असतात. सर्व्हिस थांबवा, डिस्क ‘यूमाउंट’ करा म्हणजे सोडवा, फोल्डर बघा, सापडेल ते आधी दुसरीकडे कॉपी करा, मगच पुढे. हे पुन्हा होऊ नये म्हणून सर्व्हिस फाइलीत ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर=/डेटा’ लिहा. डिस्क नाही तर प्रोग्रॅमही नाही. सौद्याच्या गर्दीत प्रोग्रॅम बंद दिसलेला परवडला, दोन ठिकाणी विखुरलेला हिशेब परवडत नाही.

एफएसटॅबला हात लावण्याआधी तिची प्रत काढा. बदलल्यावर ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ आणि ‘माउंट -ए’ चालवा. चूक आत्ता दिसली तर दुरुस्त होते, बूटला दिसली तर मशीन उठत नाही.

काट्याची यूएसबी वायर

वजनकाटा यूएसबी-सिरियल वायरने जोडलेला असतो आणि प्रोग्रॅमला ‘/डेव्ह/टीटीवाययूएसबी०’ असं सांगितलेलं असतं. दोन वायरी असतील तर शून्य आणि एक कधीही अदलाबदल होतात. ‘/डेव्ह/सिरियल/बाय-आयडी’मधलं लांबलचक नाव वापरा, ते बदलत नाही. स्वस्त सीएच३४० चिपच्या वायरींना बहुधा वेगळा अनुक्रमांक नसतो, दोन्ही सारख्याच दिसतात. तिथे ‘बाय-पाथ’ वापरा आणि कुठली वायर कुठल्या भोकात ते खुणेने चिकटवून ठेवा. सर्व्हिसचा यूजर ‘डायलआउट’ गटात हवा, नाहीतर वायर दिसते पण उघडत नाही.

उबुंटू २२.०४वर सीएच३४० वायर लावल्या लावल्या गायब होत असेल तर बीआरएलटीटीवाय नावाची सर्व्हिस तिला ब्रेल यंत्र समजून ताब्यात घेते. त्या मशीनवर कुणी ब्रेल यंत्र वापरत नसेल तरच ते पॅकेज काढा.

अपडेटनंतर परत जुनंच झालं

पॅकेजबरोबर आलेली सर्व्हिस फाइल ‘/लिब/सिस्टमडी/सिस्टम’मध्ये असते. तिच्यात केलेले बदल अपडेट पुसून टाकतं. ‘सिस्टमसीटीएल एडिट’ वापरा, बदल ‘/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम’मध्ये वेगळे राहतात. तिथे ‘एक्झेकस्टार्ट=’ बदलायचं असेल तर आधी एक ओळ रिकामी ‘एक्झेकस्टार्ट=’ अशी लिहा आणि खाली नवी. न केल्यास दोन ‘एक्झेकस्टार्ट’ धरले जातात आणि साधारण सर्व्हिस ते नाकारते. लिहून झालं की ‘सिस्टमडी-ॲनलाइझ व्हेरिफाय’ने फाइल तपासा.

सगळं झाल्यावर सौदे नसतील त्या दिवशी एकदा रीस्टार्ट करा आणि एकदा मशीन पूर्ण बंद करून, वायर काढून, पाच मिनिटांनी चालू करा. नुसत्या रीस्टार्टमध्ये यूएसबीचा आणि मोडेमचा क्रम लाईट गेल्यासारखा होत नाही.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

‘डीएमईएसजी’ या आज्ञेच्या उत्तरात किंवा लॉगमध्ये ‘आय/ओ एरर’ दिसतंय, डिस्क टकटक करतेय, किंवा चालता चालता फाइल सिस्टम फक्त-वाचनाच्या स्थितीत गेली: मशीन बंद करा. ‘एफएससीके’ ही डिस्क दुरुस्तीची आज्ञा चालवून प्रत्येक प्रश्नाला ‘वाय’ म्हणू नका. मरणाऱ्या डिस्कवर ती दुरुस्ती उरलेलाही डेटा विस्कटते. आधी डिस्कची पूर्ण प्रत काढायची असते, आणि ते काम डेटा परत मिळवणाऱ्याचं.

डेटाबेस सुरू होत नाही आणि त्याच्या फोल्डरमधल्या फाइली पुसायचा मोह होतोय: थांबा. नावावरून फालतू वाटणाऱ्या फाइलींतच शेवटचे व्यवहार असतात. आधी अख्ख्या फोल्डरची प्रत, मग डेटाबेसचा माणूस.

मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, किंवा लाईट आल्यावर दर वेळी काहीतरी जळतं: हे काम संगणकवाल्याचं नाही. अर्थिंग बघायला इलेक्ट्रिशियन बोलवा, तोवर प्लग काढून ठेवा.

पाण्यात गेलेलं मशीन, वरून कोरडं दिसलं तरी, चालू करून बघू नका. २०१९ आणि २०२१च्या पुरांनंतर कृष्णाकाठच्या दुकानांनी हे जवळून पाहिलंय. ओल्या बोर्डात वीज सोडली की जे वाचलं असतं तेही जातं. डिस्क न सुकवता, न उघडता, तशीच जाणकाराकडे द्या.

बोलावताना तीन गोष्टी हाताशी ठेवा: ‘जर्नलसीटीएल -बी’चं आउटपुट एका फाइलीत, सर्व्हिस फाइल आणि एफएसटॅबची प्रत, आणि स्क्रीनवर आलेल्या चुकीचा मोबाइलवर काढलेला फोटो. शेवटचं मशीन नीट चालत होतं त्यानंतर काय बदललं, नवी वायर, अपडेट, जागा, तेही कागदावर लिहून द्या.